अनुभवी नजरेला कळतं

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

परवा बँकेत माझी सही नापास झाली. चुकून लिहिलेलं नाही, माझीच.

काउंटरवरच्या बाईंनी कागद परत सरकवला. म्हणाल्या, "आजी, सही जुळत नाही. परत करा." मी केली. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अजून एकदा. सावकाश करा हं." सावकाश केली तर आणखीच बिघडली. मागे रांग होती, एक गृहस्थ सारखे घसा खाकरत होते. शेवटी मॅनेजरनं ओळखपत्र बघून मला सोडवलं. एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत बसून लोकांच्या खऱ्या-खोट्या सह्या वेगळ्या केल्या, आणि स्वतःची एक सही तीनदा करूनही खरी ठरवता आली नाही. तुला हसू येत असेल. मलाही आलं, पण घरी आल्यावर, आणि जरा उशिरानं.

बाकी काही विशेष नाही. मंगळवारी प्रशिक्षण संस्थेत नव्या लोकांना शिकवायला जाते. निवृत्तीनंतर तेवढंच ठेवलंय. हल्ली तेही जड जातं. कंटाळा नाही येत, थकवा येतो. सकाळी उठल्या उठल्याच येतो, दिवसभराचा एकदम उचल घेतल्यासारखा. उजवा हात दुखत नाही पण आपला वाटत नाही. कपात चहा अर्धाच ओतते, म्हणजे सांडत नाही.

वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिना चढू नकोस.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय शहाणे,

तुझं पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला ऐकू किती येतं ते तू जाणतेस. तिला वाटलं बँकच नापास झाली. तासभर काळजीत होती.

अगं, बँकेतलं ते पेन! दोरीनं बांधलेलं, निम्मी शाई सुकलेली. त्यानं कुणाची सही धड येते? त्यात यंदा थंडी जरा जास्तच आहे. माझीही बोटं सकाळी वाकत नाहीत. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

दुकान आता पोरगा बघतो, पण सकाळचे तीन तास मी बसतो. तेच चष्मे, तीच भिंगं, तोच प्रश्न. "आता बरं दिसतं की मघाशी?" पंचेचाळीस वर्षं विचारतोय. निम्मे लोक म्हणतात दोन्ही सारखंच. उरलेले तीनदा मत बदलतात आणि मग माझ्यावरच डाफरतात. अशा वेळी मला तुझी आठवण येते. तू सहा वर्षांची असताना फळ्यावरची बाईंची चूक दाखवलीस, त्यांनी डोळे वटारले तरी बसली नाहीस. तेव्हापासून घरात तुला शहाणी म्हणायला लागले. तू एकदा बोललीस की बोललीस. आमच्या धंद्यात तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आली तर दिवसाला चाळीस चष्मे निघतील.

तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. गरम पाण्यात बुडवून बस.

तुझा,
दादा

६ मार्च

प्रिय दादा,

थंडी नव्हती. कंपवात आहे.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, एक वाक्य लिहा, कुठलंही. मी लिहिलं, "मला काहीही झालेलं नाही." त्यांनी कागद उलटा करून मलाच दाखवला. सुरुवातीचा 'म' बरा होता. पुढे अक्षरं लहान लहान होत गेलेली, आणि शेवटचा 'नाही' मुंगीएवढा. डॉक्टर भले आहेत, हसले नाहीत. गोळ्या दिल्यात. हा आजार सावकाश चालतो म्हणाले. मीही आता सावकाशच चालते, तेव्हा जमेल आमचं.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

घरी आले आणि सवयीनं स्वतःची सही भिंगाखाली धरली. ओळ थरथरलेली. मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवलेलं. वेग नाही. अक्षरं शेवटाकडे आखडलेली. दादा, ही सही माझ्या टेबलावर आली असती तर मी डोळे झाकून अहवाल दिला असता: नक्कल. आणि तसा मी एकदा दिलेला आहे.

तुला ते जुळारीबुवांचं प्रकरण आठवत असेल. छापखान्यात खिळे जुळवणारे म्हातारे गृहस्थ, एकटे. एक परिचारिका नऊ वर्षं त्यांचं सगळं करत होती. त्यांनी मृत्युपत्रात राहतं घर तिच्या नावे केलं. ते गेल्यावर पुतण्या उभा राहिला, म्हणाला सही तिनं केलीय. मूळ मृत्युपत्र आणि पुतण्यानं आणून दिलेल्या जुन्या सह्या माझ्याकडे आल्या. जुन्या सह्या ठसठशीत, एका झटक्यात केलेल्या. मृत्युपत्रावरची थरथरती. मी लिहिलं, दुसऱ्या व्यक्तीनं बघून बघून काढलेली सही. शेवटची अक्षरं बारीक का, तर नक्कल करणाऱ्याचा हात भीतीनं आखडला. तीन वर्षांची शिक्षा झाली तिला, आणि परिचारिका म्हणून तिची नोंदणीही गेली.

त्या सह्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, कारण ते मी शिकवायला वापरते. नमुना क्रमांक नऊ. गेल्याच मंगळवारी पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "बघा, भीती कशी अक्षरात उतरते."

काल माझी सही त्या सहीशेजारी ठेवली. दिवा लावायचंही सुचलं नाही.

पुतण्यानं दिलेल्या सह्या दहा-बारा वर्षं जुन्या होत्या. शेवटच्या दोन वर्षांतली एकही नव्हती. ती मी मागायला हवी होती. मागितली नाही, कारण मला गरजच वाटली नाही.

तुझी,
धाकटी

१३ मार्च

प्रिय शहाणे,

आजाराचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. वहिनी म्हणते, सरळ इकडे ये. मागच्या खोलीत ऊन येतं. विचार कर.

आता दुसऱ्या गोष्टीबद्दल. स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. हे खूळ डोक्यातून काढ. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं, तू घाबरलीस, आणि घाबरलेल्या माणसाला जिथे तिथे स्वतःचाच आजार दिसतो. माझ्याकडे लोक नवा चष्मा घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी येतात, म्हणे जमीन तिरकी दिसते. जमीन असते तिथेच असते. चार दिवस गेले की बसतं सगळं.

आणि मी त्या दिवशी होतो ना तिथे! तुझ्याकडे राहायला आलो होतो, तू म्हणालीस चल, बघ बहीण काय करते ते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बचावाच्या वकिलानं विचारलं, "आजारपणामुळे अशी सही होऊ शकत नाही का?" तू चष्मा काढलास, थोडी हसलीस आणि म्हणालीस, "अनुभवी नजरेला फरक कळतो." सगळं न्यायालय हसलं. न्यायाधीशसुद्धा. कितीतरी लग्नकार्यांत मी हा किस्सा सांगितलाय. माझी छाती फुगली होती त्या दिवशी.

निकाल न्यायालयानं दिला, तू नाही. तिची शिक्षा भोगून झाली. अकरा वर्षं झाली. आता उकरून कुणाचं भलं होणार? तिचंही जुनं दुखणं उघडं पडेल. आणि तू एक मत फिरवलंस की लोक म्हणतील, मग बाकीच्यांचं काय? एकतीस वर्षांवर पाणी. तू थकलीयेस. थकल्या डोक्यानं असले निर्णय घ्यायचे नसतात. गोळ्या घे आणि झोप.

तुझा,
दादा

२ एप्रिल

प्रिय दादा,

थकलेय हे खरं. पण थकवा आणि खूळ यांत फरक आहे.

तू म्हणालास तेच माझ्याही मनात आलं होतं, की मग बाकीच्यांचं काय? चार दिवस मला कुठलीच सही खरी वाटेना. दूधवाल्याची पावतीसुद्धा उजेडाला धरून बघितली. असं जगता येत नाही. मग शिकवण्याचे सगळे चौदा नमुने काढले आणि एकेक असा तपासला, जणू दुसऱ्या कुणाचा अहवाल आहे आणि मला तो पाडायचा आहे. तेरा टिकले. टिकले म्हणजे हलवून हलवून बघितले, तरी हलले नाहीत. तेव्हा बरं वाटलं. काम मला येत होतं, दादा. नऊ नंबर तेवढा हलला.

मग जुळारीबुवांच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या सह्या शोधायला निघाले. छापखाना बंद झालाय, तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक तेव्हाच वारले होते, दुसऱ्यांची साक्ष माझ्या अहवालापुढे टिकली नव्हती, आता तेही नाहीत. पण त्या दुसऱ्यांच्या सुनेनं सांगितलं, बुवा दर शनिवारी वाचनालयात जायचे. वाचनालयात पुस्तक घेताना नोंदवहीत सही करावी लागते. ग्रंथपाल म्हणाल्या, जुन्या वह्या तळघरात आहेत, उंदरांनी ठेवल्या असतील तर. दोन दिवस तळघरात बसले. नाकात धूळ, आणि वही धरायला माझा हात ऐकेना, म्हणून त्या बिचाऱ्या पानं उलटत होत्या.

सापडल्या. आठवड्याला एक सही, जवळजवळ दोन वर्षांच्या. सुरुवातीला ठसठशीत. मग एका हिवाळ्यात शेवटचं अक्षर जरा बसलेलं. मग थरथर. मृत्युपत्राच्या आधीचे चार-पाच महिने अगदी तीच सही, जी मी खोटी ठरवली. ग्रंथपालबाईंच्या समोर, शनिवारी सकाळी, पुस्तकं घेताना केलेली. तिथे कुणी नक्कल करायला बसलं नव्हतं.

मृत्युपत्रावरची सही त्यांचीच आहे असं मी आज शपथेवर म्हणणार नाही. पण ती त्यांची नाही, असं शपथेवर म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी तिच्या वकिलाकडे जाणार आहे. प्रतिज्ञापत्र देणार आहे.

यावर वाद घालू नकोस. घालायचाच असेल तर नवीन काहीतरी सांग.

तुझी,
धाकटी

१० एप्रिल

प्रिय शहाणे,

नवीन सांग म्हणालीस. सांगतो. हे पत्र तीनदा लिहून फाडलंय.

त्या दिवशी तुझी साक्ष जेवणानंतर होती. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. मला असलं बघवत नाही. बारका स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. म्हटलं, द्या इकडे. स्क्रू बसवून दिला. तिनं डोळ्याला लावला, इकडेतिकडे बघितलं, आणि एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "दोन वर्षं त्यांचा चमचा मी धरत होते हो. हात इतका कापायचा. वाचनालयाचा हट्ट मात्र सोडला नाही. आता म्हणतात सही मी केली." मी म्हटलं, मग सांगा की आत. म्हणाली, "ते डॉक्टरकडे कधी गेलेच नाहीत. वकील म्हणतात, कागद नसेल तर बोलू नका, उलट अंगाशी येईल."

मी कोण आहे हे मी तिला सांगितलं नाही. तुलाही काही सांगितलं नाही. जेवताना तुझ्यासमोर बसलो होतो, तू डबा उघडत होतीस. एक वाक्य बोलायचं होतं. पण मला वाटलं, रडतात सगळेच. माझी बहीण इतकी खात्रीनं सांगतेय, ती काय चुकणार? मग तू आत गेलीस, ते वाक्य बोललीस, लोक हसले, आणि मीही हसलो. ती बाई माझ्यापासून सहा-सात फुटांवर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

नंतर किस्सा सांगताना मी तो भाग कायम गाळला. गाळून गाळून तो घडलाच नाही असं वाटायला लागलं होतं.

आणखी एक. गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा वहिनी म्हणाली होती, हिचा हात बघा. मी म्हटलं, थंडी आहे.

माझी साक्ष उपयोगाची असेल तर मी येतो. नसेल तरी येतो. तू म्हणशील तसं.

दादा

४ जून

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. आधी राग होता. मग राग ओढायचंही त्राण उरलं नाही. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा विचार करत राहिले. प्रामाणिकपणे सांगते, मी तुला गप्प केलं असतं. "दादा, तू चष्मे बघ." असंच म्हणाले असते. म्हणून राग संपलेला नाही, पण तो आता निम्मा माझ्याच वाट्याला आलाय.

वकिलांना भेटले. ते म्हणाले, तुझी साक्ष ऐकीव ठरेल, नको. वाचनालयाच्या वह्या पुरेशा आहेत. पण अर्ज तिनं करायला हवा. म्हणून तिला भेटायला गेले.

ती आता एका वसतिगृहाच्या धुलाईखान्यात काम करते. मोठी खोली, वाफेनं भरलेली, टेबलावर चादरींचे ढीग. मी नाव सांगितलं. तिनं ओळखलं होतंच. हातातली चादर घडी करत राहिली. मी उभी. काय करावं सुचेना म्हणून चादरीचं दुसरं टोक धरलं. माझा हात कापत होता, चादरही कापायला लागली. ती थांबली. हाताकडे बघितलं.

"कधीपासून?"

"वर्षभर असेल."

"गोळ्या जेवणाआधी घेताय ना? जेवणानंतर घेतल्या तर नीट लागू पडत नाहीत."

मी म्हटलं घेते. मग तिला सगळं सांगितलं. वह्यांचं, माझ्या अहवालाचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला झालं म्हणून कळलं."

"हो."

"झालं नसतं तर?"

दादा, मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "बहुतेक कळलं नसतं."

"बरं झालं खरं बोललात," ती म्हणाली. "आता जा. मला परत त्या बाकावर बसायचं नाही. दोन वर्षं तीन महिने आत काढलेत. मला कुणाच्या खात्रीची गरज राहिली नाही." आणि पुढची चादर उचलली.

मी परत आले. तीन आठवडे काहीच नाही. मग परवा तिचं पत्र आलं, पाच ओळींचं. तसंच उतरवते:

"अर्जावर सही करते. एक अट आहे. न्यायालयात माफी मागायची नाही. तुम्ही माफी मागितली की लोक तुम्हाला मोठं म्हणतील आणि मी पुन्हा कोपऱ्यात. चूक काय झाली ते सांगा. ते कागदावर येऊ दे."

तू येऊ नकोस. वहिनीचं ऑपरेशन ठरलंय ना. तिच्याजवळ थांब.

धाकटी

१२ जून

प्रिय शहाणे,

पत्र मिळालं. तू लिहिलंस हेच पुष्कळ आहे.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी. मी इथेच आहे.

परवा दुकानात एक बाई म्हणाली, आधीचंच भिंग बरं होतं. मला खात्री होती की दुसरं बरं आहे. पूर्वी मी म्हटलं असतं, चार दिवस वापरा, बसेल. या वेळी पुन्हा तपासलं. तिचंच बरोबर होतं. पोरगा म्हणाला, बाबा, आज एवढा वेळ का लागला? त्याला काय सांगू?

व्हरांड्यातल्या त्या बाईंच्या चष्म्याचं काही कळलं तर कळव. एवढंच.

दादा

२१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आदेश झाला. शिक्षा रद्द, तिचं नाव साफ. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही हल्ली, आवाजही अक्षरासारखाच शेवटी बारीक होतो. म्हणून लिहिते. दोन दिवस लागतील, लागू देत.

माझी साक्ष सप्टेंबरात झाली. पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभी राहिले. वाचनालयाच्या वह्या, मृत्युपत्र, माझा जुना अहवाल, सगळं एकेक करून सांगितलं. पुतण्याचे वकील हुशार आहेत. म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षांतले तुमचे सगळे अहवाल चुकीचे?"

"नाही," मी म्हटलं. "हा एक चुकीचा. बाकीचे मी तपासलेत तेवढे बरोबर आहेत. ते पाडायचे असतील तर घेऊन या, मी उत्तर देते."

"तेव्हाही तुम्ही अशीच खात्री दिली होती. आज तुमचं बरोबर कशावरून?"

"तेव्हा मी म्हटलं होतं, दुसरं काही असूच शकत नाही. आज मी म्हणतेय, असू शकतं, आणि ते कशावरून तेही दाखवतेय. वह्या तुमच्यासमोर आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही बघा."

ते बसले. मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, या वयात आणि या प्रकृतीत स्वतःची चूक सांगायला येणं, याला मोठं मन लागतं. मी बघितलं, ती मागच्या बाकावर बसली होती, तिनं मान खाली घातली. अगदी तिनं सांगितलं होतं तसंच घडत होतं. मला बोलायचं नव्हतं. पण म्हटलं, "माफ करा, हे नोंदवू नका. नोंदवायचं तर एवढंच नोंदवा, की आजाराचा प्रश्न मला तेव्हाही विचारला होता, आणि मी उत्तर देण्याऐवजी हसले होते."

मग टंकलेखिकेनं ते वाक्य टाइप केलं. आदेशाच्या चौथ्या पानावर ते आलंय. मी वाचलं.

प्रशिक्षण संस्थेला कळवलंय, नमुना क्रमांक नऊ काढू नका, खालचं नाव बदला. 'नक्कल कशी ओळखावी' ऐवजी 'आजारी हात कसा ओळखावा'. त्यांना ते फारसं आवडलेलं नाही. बघू. मी जानेवारीपर्यंत जाईन, मग थांबेन. फळ्यावर लिहिलेलं मागच्यांना दिसत नाही.

घर तिला मिळणार नाही, निदान इतक्यात नाही. पुतण्यानं ते केव्हाच विकलं. तो वेगळा दावा, वेगळी वर्षं. वकील म्हणाले लढू, ती म्हणाली बघू.

गुरुवारी आदेश हातात पडल्यावर आम्ही दोघी एकदमच बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. ती म्हणाली, "एक विचारू? आता तुम्ही मानता का, की ती सही मी केली नव्हती?"

मला तिला हवं ते उत्तर देता आलं असतं. म्हटलं, "अक्षरावरून ती त्यांची असावी, एवढंच सांगता येतं. पण तुम्ही म्हणताय, म्हणून मी मानते."

"तेवढं तेव्हा मानलं असतं तर," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

चष्म्याचं विचारलं होतंस. आता नवीन आहे, तपकिरी काडीचा. तुझ्याबद्दल मी तिला सांगितलं. व्हरांड्यातला माणूस तिला आठवत होता. म्हणाली, "भले होते ते." मी म्हटलं, तो माझा भाऊ. त्यावर ती "अच्छा" एवढंच म्हणाली. यात तू काय वाचायचं ते वाच, मी वाचून देणार नाही.

मग पिशवीतून तिनं एक छापील अर्ज काढला. परिचारिकेची नोंदणी परत मिळवायचा. माझ्यासमोर धरला, बरोबर भरलाय का बघा म्हणाली. वय, चोपन्न. मधली अकरा वर्षं कामाचा रकाना रिकामा. तिथे तिनं आदेशाचा क्रमांक लिहिला होता. "घेतील का हो?" तिनं विचारलं.

"नक्की घेतील" असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, दादा. तिला बरं वाटलं असतं. मलाही.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण अर्जासोबत माझं पत्र लागलं तर देईन. हातानं लिहून देईन."

"लागलं तर सांगते," ती म्हणाली. अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि थांब्याकडे निघाली. बस लगेच आली. मी तिथेच कट्ट्यावर बसले.

वहिनीला सांग, पुढच्या महिन्यात येते, मागच्या खोलीत. तुझ्याशी भांडायचं अजून बाकी आहे, ते समोरासमोर करू. हल्ली दुपारी चारनंतर माझ्यात दम नसतो, तेव्हा सकाळी भांडू, तुझ्या दुकानाच्या वेळेआधी.

तुझी,
धाकटी